मेपल सिरप घरी काढताय? या चुका टाळा

फेब्रुवारी संपत आला की टोरोंटो, ऑटवाच्या आसपासच्या मराठी मंडळींकडून दरवर्षी तोच प्रश्न येतो. "परसात मेपल आहे, भोक पाडलं, तोटी ठोकली, बादली टांगली, पण थेंब नाही. काय चुकलं?" बहुतेक वेळा काहीच चुकलेलं नसतं, हवा जुळलेली नसते एवढंच. रात्री पारा शून्याखाली आणि दिवसा वर, साधारण उणे 5 ते अधिक 5, असा खेळ चालतो तेव्हाच मेपल वाहतो. गोठताना खोडातला वायू दाबला जातो आणि रस आत ओढला जातो. वितळताना दाब उलटा फिरतो आणि रस भोकातून बाहेर येतो. दिवसरात्र दोन्ही उणे असतील किंवा दोन्ही अधिक, तर बादली कोरडीच राहणार. अशा वेळी अधीर होऊन शेजारी दुसरं भोक पाडणं ही सगळ्यात मोठी चूक. चार दिवस थांबा.

उलट घाईही नको. भोक पाडल्यावर त्यात जंतू वाढतात आणि साधारण चार ते सहा आठवड्यांत ते बुजत जातं. जानेवारीतल्या एखाद्या उबदार दुपारी हुरळून ड्रिल चालवलं, तर ऐन मार्चमधला हंगाम हातचा जातो.

झाड ओळखण्यातही गफलत होते. हिवाळ्यात पानं नसतात आणि ओकही मेपलसारखा वाटू शकतो. मेपलच्या डहाळ्या समोरासमोर फुटतात, ओकच्या आळीपाळीने. खात्रीचा उपाय म्हणजे शरद ऋतूत पानं असतानाच खोडाला रिबीन बांधून ठेवणं. पानाचा देठ तोडून पांढरा चीक आला तर तो नॉर्वे मेपल. त्याचाही रस चालतो, पण गोडी कमी. शुगर मेपलच्या रसात साधारण 2 टक्के साखर असते, म्हणून आटवून एक लिटर सिरप करायला 40 लिटरच्या आसपास रस लागतो. एकच टक्का साखर असेल तर हाच आकडा 86 लिटरवर जातो, आणि गॅसचं बिल पाहून उत्साह मावळतो. आणखी एक: फुटपाथलगतचं झाड आपल्या घरासमोर असलं तरी पुष्कळदा नगरपालिकेचं असतं. विचारल्याशिवाय हात लावू नका.

छातीच्या उंचीवर खोडाचा घेर टेपने मोजा. साधारण 95 सेंटीमीटर असेल तर एक तोटी. दोन हव्या असतील तर 140 तरी हवा. 95 हून बारीक झाडाला सोडून द्या, लिटरभर रसासाठी त्याला इजा करण्यात अर्थ नाही.

ड्रिलचं पातं तोटीच्याच मापाचं हवं. हल्ली 8 मिलिमीटरच्या तोट्या मिळतात, जुन्या 11 च्या; झाडाच्या दृष्टीने नव्या तोट्या बऱ्या. भोक 4 ते 5 सेंटीमीटर खोल आणि आत जाताना किंचित वर चढणारं, म्हणजे रस बाहेर ओघळतो. ड्रिलमधून निघणारा भुसा बघा. तो पांढरट-पिवळसर, ओलसर असेल तर ठीक. तपकिरी निघाला तर तुम्ही मेलेल्या लाकडात शिरला आहात. जुन्या भोकाच्या वरखाली लाकडाचा एक उभा पट्टा कायमचा निकामी होतो, त्यामुळे नवं भोक जुन्याच्या रेषेत न पाडता बाजूला सरकवा. तोटी हलक्या हाताने ठोका. ठोक्याचा आवाज बदलून घट्ट झाला की थांबा; त्यापुढे मारलेला एक फटका लाकूड चिरतो आणि रस बादलीऐवजी सालीवरून वाहू लागतो.

भंगारबाजारातली जुनी, डाग दिलेली पत्र्याची बादली दिसायला छान, पण तिच्या डागात शिसं असू शकतं. रंगाची रिकामी बादलीही नको. खाद्यपदार्थांसाठीचं प्लास्टिक किंवा स्टील घ्या. रस दुधासारखा नासतो: 4 अंशांखाली, बर्फात पुरून ठेवा आणि शक्य तितक्या लवकर आटवा. गढूळ, आंबूस रस फेकून द्या.

आटवणं घरात करू नका. 40 लिटरमधलं 39 लिटर पाणी वाफ होऊन तुमच्या भिंतींवर आणि कपाटांवर बसणार आहे. बाहेर बर्नरवर पसरट भांड्यात आटवा, शेवटचा थोडा भाग तेवढा आत आणा. फेस वर यायला लागला की तुपाचा एक थेंब टाका, लगेच बसतो.

माझ्या मते खरी परीक्षा शेवटच्या दहा मिनिटांची. आपल्याकडच्या सवयीने बरेच जण बोटांत घेऊन एकतारी बघतात. गरम सिरप पातळच दिसतं. तार येईपर्यंत थांबलात तर ते बहुधा पुढे गेलेलं असतं आणि महिन्याभरात बाटलीच्या तळाशी खडीसाखर जमते. थर्मामीटर घ्या. आधी त्याच दिवशी साधं पाणी किती अंशांना उकळतं ते बघा, कारण हवेच्या दाबाने तो आकडा हलतो. त्याच्या वर 4 अंश गेलं की सिरप तयार, म्हणजे बहुधा 104 च्या आसपास. अलीकडे थांबलात तर बाटलीत बुरशी येते किंवा सिरप आंबतं. या वेळी फोन घ्यायलाही जागचं हलू नका. उतू जाणं आणि करपणं यांत क्षणांचंच अंतर असतं.

तळाशी वाळूसारखा गाळ दिसला तर घाबरू नका, ते रसातले क्षार आहेत. गरम असतानाच जाड फेल्टच्या गाळणीतून गाळा. मलमलमधून तो बराचसा निसटतो. मग 85 अंशांच्या आसपास गरम असतानाच स्वच्छ बाटल्यांत भरा, उघडलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा.

सिरप काळसर झालं म्हणजे बिघडलं असं नाही. हंगामाच्या शेवटी ते गडद होतंच, आणि पाडव्याच्या पुरणपोळीवर मला तेच आवडतं. मात्र फांद्यांवरच्या कळ्या फुगल्या की थांबा. त्यानंतरच्या रसाचं सिरप बेचव, उग्र लागतं आणि कितीही आटवून सुधारत नाही. तोट्या काढून गरम पाण्याने धुवा. भोकात बूच, मेण, माती काही भरू नका, झाड ते स्वतःच मिटवतं.