रेडिएटरचं तुटलेलं निपल

चूक माझीच. रेडिएटरमधलं जास्तीचं पाणी जमा होणाऱ्या ओव्हरफ्लो बाटलीकडे जाणारा बारीक पाइप बदलायचा होता. जुना पाइप चिकटून बसलेला, तो पिळून ओढला आणि रेडिएटरच्या झाकणाजवळचं प्लास्टिकचं निपल, म्हणजे पाइप बसतो ती छोटी नळी, कट्‌कन हातात आलं. गाडी बारा वर्षांची. हे निपल ज्या टाकीला असतं, ती रेडिएटरची टाकी काचतंतू मिसळलेल्या नायलॉनची असते, उष्णतेने वर्षानुवर्षं शेकून ठिसूळ होते. पाइप ओढायचा नसतो, ब्लेडने उभा चिरायचा असतो. हे नंतर सुचलं!

गॅरेजवाले म्हणाले, “साहेब, रेडिएटरच बदला.” पण हे निपल झाकणाच्या मुख्य सीलच्या वरच्या बाजूला असतं, इंजिनचा सततचा दाब त्यावर नसतो. म्हणून प्रयत्न केला. जाड होजचं तोंड तुटलं असतं, तर मुकाट्याने नवा रेडिएटर आणला असता.

आधी मळून लावायच्या इपॉक्सीने तुकडा चिकटवला. आठवडाभरात सुटला. मग इंजिन पूर्ण थंड असताना उरलेला बुंधा कानशीने सपाट केला, आत कीस पडू नये म्हणून झाकणाच्या तोंडात फडकं कोंबलं आणि ड्रिलच्या टोकाला ग्रीस फासलं. भोक पाडून टॅप (आटे कापायचं हत्यार) हातानेच, अर्धा फेरा पुढे, पाव मागे असा फिरवत आटे पाडले. पितळी निपलला पातळ इपॉक्सी लावून हलकेच आवळलं. इथे जोर केला की टाकी तडकलीच समजा. रात्रभर सुकू दिलं.

खंबाटकी घाट दोनदा चढून झाला. थेंबही गळला नाही.