जपानमधल्या छोट्या स्टेशनवरून गाडी कशी पकडायची

चाळीसगाव-धुळे मेमू ज्यांच्या अंगवळणी पडली आहे, त्यांना जपानमधली खेड्यापाड्यांची रेल्वे परकी वाटणार नाही. फक्त भाडं भरायची रीत निराळी, आणि आपला माणूस अडतो तो तिथेच. जळगाव-धुळ्याकडून मुला-सुनेला भेटायला जाणाऱ्यांनी हे वाचूनच निघावं.

आधी वेळापत्रक. तक्त्यात डाव्या रकान्यात तास, तोही २४ तासांच्या हिशेबाने. पुढे नुसती मिनिटं. १४ च्या ओळीत ३८ म्हणजे दुपारी २:३८. ओळ रिकामी, तर त्या तासाला गाडीच नाही. उदाहरणार्थ, फुकुशिमा प्रांतातल्या ताडामी या रेल्वेमार्गावर ऐझु-कावागुची ते ताडामी या टप्प्यात दिवसाला जेमतेम तीन फेऱ्या आहेत, म्हणून परतीची गाडी आधी पाहायची आणि मगच निघायचं. सुट्टीच्या दिवसाचा तक्ता बहुधा वेगळा असतो. ‘फुत्सू’ म्हणजे आपली पॅसेंजर. ‘तोक्क्यू’ म्हणजे मोजकीच स्टेशनं घेणारी एक्स्प्रेस, तिला जादा तिकीट लागतं.

स्टेशनवर कर्मचारी नसेल आणि गाडीवर ‘वानमान’ लिहिलेलं असेल, तर गार्ड नाही, सगळं चालकच बघतो. अशी गाडी एकाच डब्याची असू शकते, त्यामुळे फलाटाच्या टोकाला उभं राहिलात तर पळावं लागेल. डबे दोन असले तरी बहुतेक वेळा पहिल्याच डब्याची दारं उघडतात. चढायचं त्या डब्याच्या मागच्या दाराने. दार आपोआप उघडलं नाही तर शेजारचं बटण दाबा.

आत पाऊल टाकताच यंत्रातून बाहेर आलेली छोटी चिठ्ठी ओढून घ्या. हिला ‘सेइरिकेन’ म्हणतात. तिच्यावर नुसता आकडा असतो, समजा ५. चालकाच्या डोक्यावरच्या फलकावर ५ च्या चौकटीत जी रक्कम, तेच तुमचं भाडं. गाडी पुढे सरकते तशी ती वाढते, म्हणून उतरायच्या स्टेशनच्या थोडं आधी बघावी. चिठ्ठी हरवली तर गाडी जिथून सुटली तिथपासूनचं भाडं भरावं लागू शकतं. ती पाकिटातच ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ सुट्ट्या पैशांचा होतो. भाड्याची पेटी सहसा उरलेले पैसे परत देत नाही. तिला लागूनच मोड करून देणारं यंत्र असतं, त्यात १००० येनची नोट चालते, ५००० किंवा १०,००० ची बहुधा नाही. मोठी नोट शहरातच मोडून घ्या. मोड करायची ती गाडी थांबलेली असताना, मधल्या एखाद्या स्टेशनवर. उतरायच्या वेळी केलीत तर मागची माणसं खोळंबतात. मग चिठ्ठी आणि नेमकी रक्कम पेटीत टाकून पुढच्या दाराने उतरा. शहरातलं रेल्वे कार्ड अशा मार्गांवर सगळीकडे चालत नाही, तेव्हा रोख रक्कम जवळ हवीच.

मूल ६ ते ११ वर्षांचं असेल तर अर्धं भाडं.

दशम्या-चटणी बांधून नेलीत तर रिकामी पिशवीही घ्या. कर्मचारी नसलेल्या स्टेशनवर कचरापेटी बहुधा सापडत नाही.