'द्रावणे' शिकायचं तर आधी बर्फ आणा
बारावीच्या रसायनशास्त्रात या प्रकरणाची सूत्रं पाठ होतात आणि गणितं तरी चुकतात. कारण एकच: बाष्पदाब, उत्कलनांक, गोठणांक, परासरण दाब (पातळ द्रावणातलं पाणी पडद्यातून घट्ट द्रावणाकडे ओढलं जाण्यामागचा दाब) यांतला बदल कणांच्या संख्येवर ठरतो, पदार्थाच्या नावावर नाही, हे हाताने करून पाहिलेलं नसतं.

उत्कलनांकाच्या मागे लागू नका. १ मोलल द्रावणात (१ किलो पाण्यात १ मोल पदार्थ) तो जेमतेम ०.५१ अंश वाढतो. साध्या थर्मामीटरवर कळतही नाही. गोठणांक १.८६ अंश उतरतो, तोच धरा.

बोअरचं पाणी नको, त्यात आधीच क्षार असतात. गॅरेजवर मिळणारं बॅटरीचं डिस्टिल्ड पाणी चालतं. १०० ग्रॅम पाण्यात ६ ग्रॅम युरिया, दुसऱ्या १०० ग्रॅममध्ये ५.८५ ग्रॅम मीठ. युरिया प्रयोगशाळेतलाच घ्या, गोणीतल्यावर निंबोळी तेलाचा लेप असतो. आणि पदार्थ टाकून मग १०० मिलीच्या खुणेपर्यंत पाणी भरलं, की ती मोलॅलिटी राहत नाही, मोलॅरिटी (१ लिटर द्रावणातले मोल) होते. मार्क इथेच जातात.

द्रावण थंड करायला कुटलेला बर्फ तीन भाग, मीठ एक भाग. भांड्याला गोणपाट गुंडाळा, नाहीतर मे महिन्यात बर्फ टिकत नाही. हे मिश्रण उणे १० च्या बरंच खाली जातं, म्हणून थर्मामीटर त्यात बुडवू नका. तो परीक्षानळीतच ठेवा. त्याआधी शुद्ध पाण्याच्या वितळत्या बर्फात तो शून्य दाखवतो का, ते तपासा. नळीत १० मिली द्रावण घेऊन ढवळत राहा आणि दर अर्ध्या मिनिटाला वाचन घ्या. तापमान आधी गोठणांकाच्याही खाली घसरतं, पहिले स्फटिक दिसले की झटकन वर येऊन थबकतं. थबकलेला आकडा लिहायचा. खालचा आकडा म्हणजे अतिशीतन.

युरिया उणे १.८ च्या आसपास थांबतो, मीठ उणे ३.४ च्या. मिठाचे दोन आयन होतात, तरी उतार पुरता दुप्पट होत नाही, कारण विरुद्ध प्रभाराचे आयन एकमेकांना ओढून धरतात. व्हान्ट हॉफ गुणांक (एका रेणूमागे प्रत्यक्षात किती कण मोजले जातात तो आकडा) २ ऐवजी १.८-१.९ येतो तो यामुळे.

परासरण दाब समजायला अकोला-अमरावती-बुलडाण्याचा खारपाणपट्टा पुरे. वावरात ओल असूनही पराटी (कपाशी) माना टाकते, कारण मातीतल्या पाण्यात आयन जास्त आणि मुळांना ते ओढणं जड जातं. माती परीक्षणाच्या पत्रकावरची ईसी (विद्युत वाहकता, डेसिसायमन प्रति मीटर) ०.३६ ने गुणा; ४ असेल तर दाब सुमारे १.४ ॲटमॉस्फिअर. फवारणीचा २ टक्के युरिया, म्हणजे १० लिटरला २०० ग्रॅम, कणांच्या संख्येच्या हिशेबाने सुमारे ८ ॲटमॉस्फिअर भरतो. भर दुपारी फवारलं तर पानावरचं पाणी उडून द्रावण आणखी घट्ट होतं, पेशींतलं पाणी बाहेर येतं आणि पानाच्या कडा करपतात.