घरभर वायरलेस स्पीकर लावताय? या चुका टाळा

बेळगावात हल्ली घर नवीन केलं की हॉल, स्वयंपाकघर, वरची बेडरूम, सगळीकडं स्पीकर आलेच. आणि थोड्या दिवसात तक्रारी पण आल्या, गाणं अडकूलालंय, एक स्पीकर सापडूनाच झालाय, वरचा मागं पडतोय. मग स्पीकरच फालतू म्हणून सगळे मोकळे. पण बहुतेक वेळा स्पीकरला काही झालेलं नसतं, घोळ वायफायचा असतो नाहीतर खरेदीतच झालेला असतो.

ब्लूटूथ आणि वायफाय स्पीकर एकच समजू नका. ब्लूटूथमध्ये गाणं फोनमधनं जातं, पल्ला साधारण १० मीटर, तो पण मोकळ्या जागेत, त्यामुळं फोन खिशात घालून तुम्ही खडेबाजारला निघालात की घरातलं गाणं बंद, आणि मधेच कुणाचा कॉल आला तरी बंद. वायफायवर कास्ट केलं, म्हणजे ॲपमधलं कास्टचं बटण दाबून स्पीकर निवडला, की स्पीकर स्वतः इंटरनेटवरनं गाणं ओढतो, फोन नुसता रिमोट.

ऑफर दिसली म्हणून तीन खोल्यांत तीन जातीचे स्पीकर पण घेऊ नका. सगळ्या खोल्यांत एकच गाणं एकदम वाजवायला स्पीकरचा ग्रुप करावा लागतो, आणि ॲमेझॉनच्या इकोचा ग्रुप मुख्यतः इकोबरोबर, गूगल होमचा गूगल कास्टवाल्यांबरोबर, ॲपलच्या एअरप्ले २ वाल्यांचा आपापसात. ब्लूटूथमध्ये तर एकाच कंपनीचे पण सगळे जमतातच असं नाही. जेबीएलचा फ्लिप ४ आणि फ्लिप ५ एकमेकाला जोडून बघा, जोडणार नाहीत, कारण स्पीकर एकमेकाला जोडायची पद्धतच वेगळी, फ्लिप ४ मध्ये कनेक्ट प्लस, फ्लिप ५ मध्ये पार्टीबूस्ट. दुकानदार हे सांगत नाही, विचारावं लागतं.

आता राउटर. फायबरवाला येतो, वायर जिथनं आत आली तिथंच, म्हणजे टीव्हीच्या शोकेसमागं नाहीतर लोखंडी कपाटाशेजारी डबा ठोकून जातो. शहापूर-वडगावकडची जुनी घरं, जाड भिंती, खानापूरकडं तर जांभा दगड. वायफायचे मुख्य पट्टे दोन, ५ आणि २.४ गिगाहर्ट्झ. ५ जोरात पळतं पण अशा भिंतीत लगेच मरतं. २.४ पलीकडं पोचतं, पण त्याच पट्ट्यात ब्लूटूथ, मायक्रोवेव्ह आणि शेजारपाजारचे सगळे राउटर. अडकत असेल तर चॅनल १, ६ किंवा ११ यातला कमी गर्दीचा धरा, हे तीन एकमेकांवर चढत नाहीत. आणि डबा शोकेसमधनं बाहेर काढून घराच्या मध्यावर, उंच ठेवा, निम्मी दुखणी तिथंच जातात.

वरच्या मजल्यावर रेंज नाही म्हणून जुना राउटर लावतात ना, तिथं खरी गंमत होते. त्यानं स्वतःचं वेगळं नेटवर्क तयार केलं की फोन खालच्यात, स्पीकर वरच्यात, मग ॲपमध्ये स्पीकर दिसणार कसा? वरच्याला ॲक्सेस पॉइंट मोडवर टाका, म्हणजे तो वेगळं नेटवर्क न करता खालचंच पुढं वाढवतो, आणि शक्यतो मधे वायर ओढा. गेस्ट वायफायवर, म्हणजे राउटरमधल्या पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या नेटवर्कवर, स्पीकर जोडला तरी हेच होतं, कारण गेस्टमधली डिव्हाइस मुद्दाम इतरांपासून वेगळी ठेवलेली असतात. फोनात व्हीपीएन, म्हणजे फोनचं नेट दुसरीकडनं फिरवणारं ॲप, चालू असेल तर बंद करून बघा. आयफोन असेल तर सेटिंगमध्ये त्या ॲपला लोकल नेटवर्कची परवानगी दिलीय का बघा, पहिल्यांदा विचारतं तेव्हा आपण न वाचता नको म्हणून टाकलेलं असतं.

दोन खोल्यांतला आवाज मागंपुढं होतोय का हे आलापावर कळत नाही. आपल्या सुळेभावीत जन्मलेल्या कुमार गंधर्वांचं भजन लावा, तंबोऱ्यावर सगळं छान वाटेल, तबला सुरू झाला की दारात उभं राहून ऐका, ठेका दुहेरी आला की समजा. ॲपमध्ये ग्रुप डिले, म्हणजे स्पीकरचा आवाज पुढंमागं करायची सोय, असेल तर तो थोडाथोडा हलवत न्या. टीव्हीचा आवाज मात्र ब्लूटूथवर घेऊच नका शक्यतो, विकेट पडलेली दिसते आणि आरडाओरडा नंतर येतो.

गाणं मधेच बंद पडून दुसरीकडं सुरू होत असेल तर अकाउंट बघा. स्पॉटिफायच्या एका अकाउंटवर एका वेळी एकच गाणं चालतं, मुलानं कॉलेजात इअरफोनवर लावलं की तुमचं स्वयंपाकघर गप्प. यात वायफायचा दोष नाही, प्रत्येकाला वेगळं अकाउंट मिळेल असा प्लॅन घ्या नाहीतर भांडा.

आणि पावसाळ्यात लाईट जाते-येते तेव्हा लाईट आल्या आल्या स्पीकर रिसेट करत बसू नका. स्पीकर लवकर उठतो, राउटरला आणि फायबरच्या डब्याला वेळ लागतो, तोवर स्पीकर नेटवर्क शोधून दमलेला असतो. राउटरचे दिवे स्थिर होऊ देत, मग स्पीकरचा प्लग काढून लावा. फायबरचा डबा आणि राउटर दोन्ही इन्व्हर्टरवर घेतले तर हा प्रश्नच येत नाही, नुसता राउटर घेऊन उपयोग नाही.