पुतळ्याच्या मागे जाऊन पाहा: रस्त्यावरची शिल्पं आणि भित्तिचित्रं बघायची रीत

पुतळ्यासमोर उभे राहाल तेव्हा चेहरा शेवटी पाहा. आधी त्याला एक पूर्ण फेरी मारा आणि मागे जाऊन थांबा. अंगरख्याच्या चुण्या पाठीवर कशा उतरल्यात, शेला खांद्यावरून पडताना त्याला वजन आहे का, टाच जमिनीवर नीट टेकली आहे का, हे बघा. इकडे कोण बघतंय, असं म्हणून ज्यानं काम उरकलं असेल त्याची पाठ सपाट असते. जीव लावून केलेला पुतळा मागूनही माणूसच वाटतो.

मी मूळ पेणचा. गणपतीच्या साच्यांवर हात बसला, मग मुंबईत आलो आणि पुढचं सगळं आयुष्य शिल्पकारांच्या स्टुडिओत साचेकाम करण्यात गेलं. मातीचा पुतळा पुरा झाला की त्यावरून प्लास्टरचा साचा काढायचा, साच्यातून पुतळ्याची मेणाची प्रत काढायची, तिच्यावर लेप चढवायचा, आतलं मेण भट्टीत वितळवून त्या पोकळीत धातू ओतायचा, थंड झालेले तुकडे जोडायचे, सांधे घासून बुजवायचे. एका पुतळ्यात इतक्या जणांचे हात असतात. म्हणून माझं पहिलं सांगणं हेच असतं की पुतळा कोणाचा हे वाचून झालं की तो केला कोणी, हे शोधा.

ते नाव कुठे सापडेल? चौथऱ्याच्या पाटीवर उद्घाटकाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं, नगराध्यक्षांचं असतं, समितीच्या सभासदांचीही असतात. शिल्पकार असलाच तर तळच्या ओळीत. तिथे नसेल तर पुतळ्याच्या पायांखाली जी धातूची बैठक असते तिच्या कडेला बघा. मागच्या टाचेजवळ किंवा घोडा असेल तर मागच्या खुराशी बारीक अक्षरांत सही आणि साल खोदलेलं असतं. धूळ बसून अक्षरं दिसेनाशी होतात. मोबाइलचा टॉर्च समोरून न मारता बाजूने तिरपा मारा, खोदलेली अक्षरं लगेच उठून दिसतात. चौथऱ्यावर मात्र चढू नका. लांबून बघायला एक साधी दुर्बीण पुरते.

सरावासाठी मुंबईचा फोर्ट भाग सगळ्यांत चांगला. रविवारी सकाळी लवकर निघा, कचेऱ्या बंद असतात आणि फुटपाथवर मान वर करून उभं राहिलं तरी कोणाचा धक्का लागत नाही. सकाळचं तिरपं ऊन उठावाच्या, म्हणजे भिंतीतूनच थोड्या पुढे आलेल्या, शिल्पांना हवंच असतं. बाराच्या उन्हात तीच शिल्पं चपटी दिसतात.

सुरुवात क्रॉफर्ड मार्केटपासून करा, म्हणजे आताची महात्मा जोतिबा फुले मंडई. १८६९ सालची ही इमारत. प्रवेशाच्या कमानींवर दगडात उठावाची शिल्पं आहेत, ती जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणाऱ्या लॉकवुड किपलिंग यांची. धान्य, फळं, कष्टकरी माणसं असा विषय आहे. खरेदीला येणाऱ्यांपैकी फार थोड्यांचं तिकडे लक्ष जातं. तुम्ही समोरच्या फुटपाथवर जाऊन बघा, कमानीच्या अगदी खाली उभं राहिलं तर काहीच दिसत नाही.

तिथून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस चालत अगदी जवळ. इथे घाई करू नका. घुमटावर उभी असलेली बाई म्हणजे ‘प्रगती’. तिच्या एका हातात मशाल आहे आणि दुसऱ्या हातात आऱ्यांचं चाक. फाटकाच्या खांबांवर एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला वाघ: सिंह इंग्लंडचा, वाघ आपला. ही कामं टॉमस अर्प या इंग्रज शिल्पकाराची. पण भिंतींवरची पानं, पक्षी, माकडं, खांबांचे माथे यांवर जे. जे.च्या विद्यार्थ्यांचे हात फिरलेत. त्या मुलांची नावं कुठल्याही पाटीवर नाहीत. तरी एकेक कोपरा दुर्बिणीतून बघत गेलात तर कळतं की कुठलीच दोन पानं सारखी नाहीत. मला विचाराल तर आख्ख्या इमारतीतलं सगळ्यांत मोलाचं काम तेच आहे.

पुढे महात्मा गांधी रस्त्यावर न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत लागेल, १९३६ची. तिच्या दर्शनी भागावरची कष्टकरी माणसांची उंच शिल्पं ना. ग. पानसरे यांची. सिमेंट-काँक्रीटची इमारत नवी नवी होती तेव्हाची ही घडण आहे. रेषा सरळ, अंगं भरीव, बारीक नक्षी जवळजवळ नाही. टर्मिनसवरून थेट इथे आलात की ५० वर्षांत हात किती बदलला ते समोरासमोर दिसतं. म्हणून हाच क्रम ठेवा.

मग हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४चं, आराखडा रिचर्ड नॉर्मन शॉ यांचा आणि कोरीव काम जेम्स फोर्सिथ यांचं, इंग्लंडहून आणलेल्या पोर्टलंड दगडात. मध्यंतरी या दगडावर रंगाचे थर चढवले होते. ते काढून दुरुस्त केलेलं कारंजं २०१९ला पुन्हा खुलं झालं. शेजारी संयुक्त महाराष्ट्राच्या हुतात्म्यांचं स्मारक आहे, शेतकरी आणि कामगार मशाल धरून उभे. दोन्हीकडे एकाच जागेवरून आळीपाळीने बघा. एक कारंज्यावरची फ्लोरा, म्हणजे फुलांची रोमन देवी, दुसरी आपली घाम गाळणारी माणसं. दोन्हींच्या पायांची ठेवण बघितलीत तर दगडातली नजाकत आणि धातूतला जोर वेगवेगळे कळतील.

काळा घोडा चौकात आज जो घोडा आहे त्यावर स्वार नाही. तो २०१७ला बसवला. कल्पना वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची, शिल्प श्रीहरी भोसले यांचं. ज्यावरून चौकाला नाव पडलं तो घोडा जोसेफ एडगर बोएम यांनी घडवला होता. त्यावर पुढे सातवा एडवर्ड झालेला प्रिन्स ऑफ वेल्स बसलेला. व्यापारी अल्बर्ट ससून यांनी तो १८७९मध्ये शहराला दिला. १९६५मध्ये तो तिथून हलवला गेला. तो बघायला भायखळ्याला राणीच्या बागेत जावं लागतं. बुधवारी बाग बंद असते, बाकी कुठलाही दिवस चालेल.

राणीच्या बागेत गेलात की डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या बाजूचा दगडी हत्ती आधी गाठा. हा घारापुरीचा. याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा म्हटलं. इंग्रज त्याला विलायतेला न्यायला निघाले, उचलताना तो फुटला, तुकडे १८६४मध्ये मुंबईत आणले आणि १९१४मध्ये जोडून उभा केला. त्याचे सांधे नीट बघा. कुठे मूळ दगड आहे आणि कुठे भर आहे, हे ओळखण्यात मी तिथे तासन् तास घालवलेत. रंग किंचित वेगळा, छिन्नीचा माग वेगळा. एवढं ओळखता आलं की पुढे कुठल्याही जुन्या मूर्तीची डागडुजी तुमच्या नजरेतून सुटणार नाही.

चौकाचौकांतून काढलेले इंग्रजांचे पुतळेही तिथे आहेत, कित्येकांची नाकं तुटलेली. त्यांत मॅथ्यू नोबल यांनी पांढऱ्या संगमरवरात केलेली व्हिक्टोरिया राणी आहे, बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांनी दिलेली, १८७२ची. १८९६मध्ये दामोदर चापेकरांनी याच पुतळ्याला डांबर फासून जोड्यांची माळ घातली. संगमरवर सच्छिद्र असतो, डांबर आत शिरतं. तो डाग काढायला त्रिभुवनदास गज्जर या रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलवावं लागलं.

आता धातूचं. बाहेर उभा राहणारा चांगला पुतळा ब्राँझचा असतो. आमच्याकडे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के असं मिश्रण फार चालतं. ऊन-पावसात ब्राँझ काळपट तपकिरी होतं, पाणी ओघळतं तिथे हिरवट पट्टे येतात. फायबरच्या पुतळ्यावर तसे पट्टे येत नाहीत, त्याचा रंग पापुद्र्यासारखा सुटतो. सिमेंटचा असेल तर बारीक भेगा आणि आतल्या सळीचा तांबूस गंज. जयंतीच्या आदल्या दिवशी ब्राँझवर सोनेरी रंग फासण्याची पद्धत गावोगावी पडली आहे. ती बघून माझा जीव तुटतो. डोळ्याच्या कडा, ओठांची रेघ, मिशीचे केस, शिल्पकारानं आठवडे घालवून काढलेलं सगळं त्या रंगाखाली बुजतं. ब्राँझला साधं पाणी, मऊ ब्रश आणि वरून मेणाचा पातळ हात एवढंच लागतं. तुमच्या गावच्या जयंती समितीत ओळख असेल तर त्यांना हे जरूर सांगा.

घोड्याचे किती पाय वर आहेत त्यावरून स्वार कसा गेला ते कळतं, असं मोबाइलवर फिरत असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. शिवाजी महाराजांचेच पुतळे बघा, कुठे घोड्याचा एक पाय उचललेला, कुठे दोन. किती पाय उचलायचे हे शिल्पकाराची कल्पना आणि वजनाचा हिशोब मिळून ठरतं. एवढा धातू दोन-तीन बारीक पायांवर उभा करायचा म्हणजे आतला लोखंडी सांगाडा आणि चौथऱ्यात गाडलेले बोल्ट यांवर सगळी मदार. मालवणला राजकोट किल्ल्यावरचा महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ला खुला झाला आणि २६ ऑगस्ट २०२४ला कोसळला. आमच्या धंद्यातल्या माणसाला ती बातमी घरातल्या मृत्यूइतकी लागली. म्हणून कुठलाही मोठा पुतळा बघताना घोट्यांकडे आणि बैठकीच्या खालच्या सांध्याकडे नजर टाकायची सवय लावा. गंजाचे ओघळ, तिथे साठणारं पाणी, रुंदावत चाललेली भेग दिसली तर तारखेसह फोटो काढून पालिकेला लेखी कळवा. तोंडी सांगितलेलं राहून जातं.

भित्तिचित्रांची गोष्ट वेगळी. ब्राँझ शंभर वर्षं थांबतं, भिंतीवरचा रंग दोन-चार पावसाळ्यांत उतरायला लागतो. त्यामुळे कळलं की लगेच जा. २००९मध्ये मुंबईत तुळशी पाइप रोडच्या लांबच लांब भिंतीवर शेकडो लोकांनी चित्रं काढली होती. वांद्र्याला एमटीएनएल या टेलिफोन कंपनीच्या इमारतीवर २०१४मध्ये दादासाहेब फाळके रंगवले गेले, ते चित्रकार रणजित दहिया यांच्या पुढाकाराने. त्यांचीच सिनेमातली माणसं वांद्र्याच्या चॅपल रोडच्या परिसरातल्या घरांच्या भिंतींवरही उतरली. मोठं चित्र बघताना आधी शक्य तितकं लांब जा, मग अगदी भिंतीपाशी या. लांबून चेहरा दिसतो, जवळून रंगाचा थर, रोलरचा माग आणि प्लास्टरचे खड्डे. चॅपल रोडला लोक राहतात, कोणाच्या दारासमोर फोटो काढायचा तर विचारून काढा. प्रत्येक फोटोला तारीख आणि पत्ता लिहून ठेवा. भिंत पडली किंवा पुन्हा रंगवली की तुमचा फोटो हाच पुरावा.

मुंबईबाहेर एकच ठिकाण बघायचं असेल तर सासवणे. गेटवेहून लाँचने मांडव्याला उतरा आणि रिक्षा करा. शिल्पकार वि. पां. करमरकरांचं हे गाव. लहानपणी त्यांनी गावातल्या देवळाच्या भिंतीवर घोड्यावरचे शिवाजी महाराज काढले होते. ते कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या नजरेस पडले आणि त्यांनी या मुलाला जे. जे.मध्ये पाठवलं. करमरकरांचं घर आता शिल्पालय आहे. अंगणात, ओसरीवर, खोल्यांतून माणसं आणि जनावरं ठेवलेली आहेत, बरीचशी सिमेंटची. सिमेंटमध्ये कातडीचा मऊपणा आणणं काय असतं हे ज्यानं हातानं केलंय त्यालाच कळेल. मी प्रत्येक नव्या पोराला काम शिकवायच्या आधी तिथे घेऊन जात असे.

सासवणे बघून झालं की मग पुण्याला जा. शिवाजीनगरला श्री शिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारात करमरकरांचे अश्वारूढ महाराज आहेत. साडेतेरा फूट उंच, आठ टनांचा पुतळा, तुकडे न जोडता माझगावच्या गोदीत एकसंध ओतलेला. एवढा धातू एकाच वेळी वितळवायचा, थंड पडू न देता साच्याच्या टोकापर्यंत पोचवायचा, आत हवा अडकू द्यायची नाही! शाळेचं आवार आहे, तेव्हा परवानगी घेऊन जा. १६ जून १९२८ला त्याचं अनावरण गव्हर्नर लेस्ली विल्सन यांनी केलं. याच विल्सनचा पुतळा पुढे कोल्हापुरात उभा राहिला. १९४२च्या चळवळीत जयाबाई हविरे आणि भागीरथीबाई तांबट यांनी तो विद्रूप केला आणि १९४५मध्ये त्या जागी शिवाजी महाराजांचा अर्धपुतळा बसला, बाबूराव पेंटरांनी घडवलेला. तो आजही शिवाजी चौकात आहे. तिथून चालत बिंदू चौकात जा. फुले आणि आंबेडकरांचे अर्धपुतळे १९५०चे, म्हणजे बाबासाहेब हयात असताना बसवलेले.

हे सगळं पाहून झालं की आपल्या गावच्या पुतळ्याकडे वळा. सही सापडली नाही तर नगरपालिकेत जा आणि पुतळ्याच्या ठरावाची जुनी फाइल मागा. कोणाला किती रुपयांत काम दिलं ते त्यात असतं. अनावरणाच्या वेळी बहुतेक समित्या स्मरणिका काढतात, ती गावच्या वाचनालयात किंवा एखाद्या जुन्या सभासदाच्या कपाटात मिळते. स्थानिक वर्तमानपत्राचा त्या आठवड्याचा अंक चाळा. मग एका कागदावर लिहा: पुतळा कोणाचा, कधीचा, कशाचा, किती उंच, शिल्पकार कोण, ओतकाम कुठे झालं, आजची अवस्था काय. एक प्रत वाचनालयात द्या, एक पालिकेत. शिल्पकाराचं कुटुंब हयात असेल तर तिसरी त्यांच्याकडे नेऊन द्या. त्यांच्याकडे मातीच्या मॉडेलचे फोटो असतात, ते पाहायला मागा.