गेमचे कव्हर बनवताना या चुका टाळा

भाऊबीज झाली की आमच्या भागात झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांची पोस्टर लागू लागतात. देसाईगंज, म्हणजे आमच्या बोलण्यातले वडसा, तेथून गावाकडे येताना एसटीच्या खिडकीतून असे पोस्टर दोन-तीन सेकंदच दिसते; तरीही नाटकाचे नाव, मुख्य पात्रांचे चेहरे आणि प्रयोगाचे गाव एवढे डोक्यात राहते. गेमच्या दुकानात आपल्या कव्हरच्या वाट्याला येणारा वेळ याहून जास्त नसतो. आम्ही दोघा मित्रांनी शंकरपटावर, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीवर, गेम बनवला, तेव्हा लहानपणापासून रोज डोळ्यांसमोर असलेली ही गोष्ट आम्ही साफ विसरलो होतो. त्या अनुभवातून आणि नंतरच्या दुरुस्तीतून ज्या चुका नीट कळल्या, त्या येथे लिहितो.

मोठ्या पडद्यावर पाहून कव्हर पक्के करणे

चित्रकार मोठ्या पडद्यावर काम करतो आणि तेथेच चित्र पाहून खूश होतो, हे या साऱ्या चुकांचे मूळ आहे. स्टीम या संगणकावरच्या गेमच्या ऑनलाइन दुकानात कव्हरच्या चित्राला कॅप्सूल म्हणतात. तेथे सध्या मुख्य कॅप्सूल १२३२ × ७०६ पिक्सेल, हेडर (गेमच्या पानावरचे आडवे चित्र) ९२० × ४३० आणि लहान कॅप्सूल ४६२ × १७४ या मापांत द्यावे लागते. परंतु या लहान कॅप्सूलपासून स्टीम आणखी लहान प्रती तयार करते आणि त्यांतली सर्वांत लहान प्रत १२० × ४५ पिक्सेलची असते. शोधाच्या यादीत गेम पहिल्यांदा दिसतो तो या एवढ्याशा पट्टीत. म्हणून काम उलट दिशेने करावे, म्हणजे आधी १२० × ४५ ची चौकट आखून त्यात काय मावते ते ठरवावे आणि मगच मोठे चित्र रंगवायला घ्यावे.

आमच्या पहिल्या कव्हरमध्ये पटाचे मैदान, दोन्ही बाजूंची गर्दी, मंडप, धुळीतून येणारी जोडी, छकडा (शर्यतीची हलकी गाडी), धुरकरी (तो हाकणारा) आणि मागे धानाच्या बांध्या असे सगळे होते. लहान करून पाहिले तेव्हा त्यातून मातकट रंगाचा एक डाग तेवढा उरला. गावातल्या पानठेल्यावर मी ते फोनवर दोन सेकंद दाखवून फोन उलटा केला आणि या गेममध्ये काय करायचे असेल, असे विचारले. तेथे बसलेल्या एका काकांनी विचारले, “काय गा बाबू, बैलबाजाराचा खेळ आहे का हा?” चित्रात बैल होते, गर्दी होती, पण वेग कुठेच नव्हता, त्यामुळे त्यांचे काही चुकले नव्हते.

ही चाचणी प्रत्येकाने करावी. मात्र ती गेम बनवणाऱ्या मित्रांवर करू नये, कारण त्यांना उत्तर आधीच ठाऊक असते. कमी किमतीचा फोन घ्यावा, त्याच्या पडद्याचा प्रकाश कमी ठेवावा, जमल्यास दुपारच्या उन्हात शेताच्या धुऱ्यावर उभे राहून पाहावे.

एका चित्रात सगळे सांगणे

गेमसाठी वर्षभर राबल्यावर त्यातली प्रत्येक गोष्ट दाखवावीशी वाटते, आणि ही ओढ मला मनापासून समजते. पण कव्हरने एकच गोष्ट सांगायची असते, ती म्हणजे खेळणारा या गेममध्ये काय करतो. बाकीचे सांगायला स्क्रीनशॉट आणि ट्रेलर असतात. दुसऱ्या कव्हरमध्ये आम्ही गर्दी, मंडप आणि बांध्या काढून टाकल्या; समोरून थेट अंगावर येणारी बैलजोडी आणि तिच्यामागे वाकून उभा असलेला धुरकरी एवढेच ठेवले. काढलेल्या गोष्टींची पानठेल्यावर कोणालाही उणीव भासली नाही.

रंगांचाही येथेच विचार करावा. पांढरे बैल, पिवळट धूळ आणि दुपारचे ऊन हे प्रत्यक्षात कितीही खरे असले, तरी तिन्हींचा उजळपणा सारखाच असल्याने आकार एकमेकांत मिसळतात. चित्र कृष्णधवल करून पाहिले की हा दोष लगेच उघडा पडतो. आम्ही वेळ सायंकाळची केली, धूळ गडद केली, बैल पांढरेच ठेवले आणि धुरकऱ्याच्या खांद्यावर लाल दुपट्टा दिला. नजर आता आधी त्या दुपट्ट्यावर जाते आणि तेथून बैलांकडे वळते. स्टीमच्या दुकानाची पार्श्वभूमी गडद निळसर आहे, त्यामुळे कव्हरच्या कडा फार काळ्या असतील तर चित्राची चौकटच हरवते, हेही ध्यानात ठेवावे.

देवनागरी नावाला रोमनचे नियम लावणे

कव्हरविषयी उपलब्ध असलेले बहुतेक मार्गदर्शन रोमन लिपी गृहीत धरून केलेले असते, म्हणून मराठी नावाच्या गेमांची सर्वांत जास्त हानी याच चुकीमुळे होते. रोमनमधील मोठी अक्षरे पट्टीची जवळजवळ पूर्ण उंची वापरतात. देवनागरीत शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार आणि अनुस्वार येतात, खाली उकार येतात, आणि या दोहोंच्या मध्ये मूळ अक्षराला जागा उरते. त्यामुळे तेवढ्याच पट्टीत मराठी अक्षर लहान दिसते. १२० × ४५ च्या प्रतीत आमच्या ‘शंकरपट’मधला अनुस्वार पूर्ण नाहीसा झाला आणि नाव ‘शकरपट’ असे वाचले जाऊ लागले.

यावर उपाय आहे. नाव टंकित करून तसेच ठेवू नये. त्या मजकुराचे आकारांत (आउटलाइनमध्ये) रूपांतर करावे आणि अनुस्वार, मात्रा, उकार हाताने थोडे मोठे करून शिरोरेषेपासून किंचित दूर सरकवावे. फार जाड फॉन्ट लहान आकारात घात करतो. ‘मोदक’ मोठ्या मथळ्याला शोभून दिसतो, पण लहान पट्टीत त्याच्या अक्षरांच्या पोटातली आधीच अरुंद असलेली जागा बुजून जाते. त्यापेक्षा ‘मुक्ता’ किंवा ‘बालू’ यांची मध्यम-जाड वजने अधिक टिकतात. हे तिन्ही फॉन्ट मुक्त परवान्याखाली मिळतात. अक्षरांना किनार द्यायची असेल तर ती बाहेरच्या बाजूनेच द्यावी, कारण आत सरकणारी किनार ‘क’ आणि ‘ष’ यांच्या पोकळ्या खाऊन टाकते. नावात जोडाक्षर असेल, तर ते सर्वांत लहान प्रतीत वाचता येते का, हे वेगळे तपासावे.

अक्षरेच तुटत असतील तर कारण निराळे असते. ‘विजय’मधली वेलांटी ‘व’च्या उजवीकडे गेली, रफार भलत्याच अक्षरावर बसला किंवा जोडाक्षराऐवजी हलन्त दिसू लागला, तर त्या सॉफ्टवेअरला भारतीय लिपींची जुळणी येत नाही किंवा ती सुरू केलेली नाही, असे समजावे. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांत मजकुराच्या पसंतीत ‘वर्ल्ड-रेडी लेआउट’ निवडल्यावर हा दोष सहसा जातो. तालुक्याच्या ठिकाणी फ्लेक्सच्या दुकानातून नाव करून घेतले असेल, तर ते बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये असते आणि फाइल आपल्या संगणकावर उघडताच मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. अशा वेळी दुकानातच मजकूर आकारांत बदलून मागावा.

शेरे, बक्षिसे आणि ‘मोफत’ची पट्टी

स्टीमने १ सप्टेंबर २०२२ पासून कॅप्सूलवर गेमचे नाव आणि अधिकृत उपनाव यांखेरीज मजकूर टाकण्यास मनाई केली आहे. परीक्षणांतील गुण, पुरस्कारांची चिन्हे आणि सवलतीची जाहिरात तेथे चालत नाही. गूगल प्लेवरही आयकॉनवर क्रमवारी, किंमत किंवा ‘मोफत’ लिहिता येत नाही.

एकच चित्र कापून सगळीकडे वापरणे

स्टीमच्या लायब्ररीतील (खेळणाऱ्याने घेतलेल्या गेमांच्या यादीतील) उभे कॅप्सूल ६०० × ९०० असते, तर हेडर आडवे असते. आडवे चित्र उभे कापले की आमचा डावा बैल अर्धा गेला आणि जोडीची जोडी राहिली नाही. म्हणून बैल, धुरकरी, धूळ, आकाश आणि नाव हे सुरुवातीपासून वेगवेगळ्या स्तरांवर रंगवावे आणि प्रत्येक मापासाठी त्यांची मांडणी नव्याने करावी. लायब्ररीच्या ३८४० × १२४० च्या रुंद चित्रावर नाव अजिबात टाकू नये, कारण स्टीम त्यावर लोगो वेगळा बसवते. गूगल प्लेचे फीचर ग्राफिक १०२४ × ५०० चे असते आणि ट्रेलर जोडला असल्यास त्याच्या मधोमध प्लेचे बटण येते, त्यामुळे चेहरा किंवा नाव मध्यभागी ठेवू नये. ५१२ × ५१२ चा आयकॉन पूर्ण चौकोनी द्यावा. कोपरे गूगल स्वतः गोल करते. इच डॉट आयओ या छोट्या गेमांच्या संकेतस्थळावर ६३० × ५०० चे कव्हर पुरते.

दोष कव्हरचा की पानाचा

गेम पुष्कळांना दिसतो पण दुकानातले त्याचे पान फार थोडे जण उघडतात, असे आकडे असतील तर कव्हर तपासावे. लोक पान उघडतात आणि काही न करता परत जातात, असे होत असेल तर दोन शक्यता असतात: एक तर स्क्रीनशॉट आणि ट्रेलर कमी पडत आहेत, किंवा कव्हरने दुसऱ्याच गेमचे वचन दिले आहे. आमच्या बाबतीत हे दुसरे कारण खरे होते. गेम पिक्सेलच्या ठसठशीत ठोकळ्यांत होता आणि कव्हर मात्र तैलचित्रासारखे रंगवलेले होते. तैलचित्र पाहून आलेल्यांना आत ठोकळे दिसत होते. नंतर कव्हरमधले बैल आम्ही गेममधल्या बैलांच्याच बांध्याचे आणि रंगांचे केले.

गूगल प्लेच्या कन्सोलमध्ये (गेम बनवणाऱ्यांसाठीच्या नियंत्रण-पानावर) दोन आयकॉन किंवा दोन ग्राफिक एकाच वेळी वेगवेगळ्या लोकांना दाखवून तुलना करण्याची सोय आहे. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि चाचणी निदान एक आठवडा चालू द्यावी, कारण आठवडी बाजाराचा दिवस, रविवार आणि शेतीच्या कामाचे दिवस यांत फोन पाहणाऱ्यांची संख्या सारखी नसते. नवे चित्र चढवण्याआधी जुन्याचे आकडे तारखेसह लिहून ठेवावेत.