दूरचित्रवाणी आणि रेडिओवरील जाहिरातींचा परिणाम कसा तपासावा

जाहिरात प्रसारित झाली की सर्वांत आधी "कशी वाटली?" हा प्रश्न विचारला जातो, आणि मोजमापाच्या दृष्टीने तोच सर्वांत कमी उपयोगाचा असतो. जाहिरात कानावर पडणे, लक्षात राहणे, तिच्यामुळे मत बदलणे आणि शेवटी माणसाने काही कृती करणे या चार निराळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांतली एक घडली म्हणून पुढची घडलीच असे धरून चालत नाही. म्हणून तपासणीची सुरुवात प्रसारणाच्या काही आठवडे आधी, एका साध्या वाक्याने करावी: कोणी, कधीपर्यंत, काय वेगळे करायला हवे. "लसीकरणाबद्दल जागृती करणे" या उद्दिष्टाची तपासणी होऊ शकत नाही. "पहिली मात्रा घेतलेल्या बाळांपैकी दुसऱ्या मात्रेसाठी वेळेवर येणाऱ्या बाळांचे प्रमाण तीन महिन्यांत वाढावे" याची होऊ शकते. हे वाक्य तारखेसह कागदावर लिहून ठेवावे, कारण आकडे हाती आल्यावर जे घडले तेच आपल्याला हवे होते असे वाटू लागण्याचा मोह फार मोठा असतो. त्याच वेळी, पुढे जे प्रश्न विचारायचे आहेत तेच प्रश्न विचारून एक पाहणी करून घ्यावी. आधीची स्थिती नोंदवली नसेल, तर नंतरच्या आकड्याला अर्थ उरत नाही.

प्रसारणापूर्वीची चाचणी स्वस्त असते आणि तरीही तीच बहुतेक वेळा गाळली जाते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील रेडिओ-संशोधक फ्रँक स्टँटन आणि पॉल लाझार्सफेल्ड यांनी एक यंत्र तयार केले होते. श्रोत्यांनी कार्यक्रम ऐकता ऐकता आवडलेल्या जागी हिरवे आणि नावडलेल्या जागी लाल बटण दाबायचे, आणि कागदी पट्टीवर त्याची क्षणाक्षणाची नोंद होत जायची. त्या यंत्रामागचा विचार आजही साध्या साधनांनी वापरता येतो. दहा-बारा माणसांना, ती एकमेकांच्या मतांवर जाणार नाहीत अशा रीतीने, एकेकट्याने जाहिरात ऐकवावी आणि लक्ष कुठे उडाले ते विचारावे. त्यांतली निम्मी माणसे जाहिरातीतील मुख्य गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगू शकली नाहीत, तर दोष त्यांचा नसून संहितेचा आहे.

रेडिओ आणि दूरचित्रवाणी यांची कसोटी मात्र वेगवेगळी ठेवावी. रेडिओची जाहिरात ध्वनिमुद्रण कक्षातील मोठ्या स्पीकरवर कधीही पारखू नये. लहानसा, खरखरणारा संच घ्यावा, तो शेजारच्या खोलीत ठेवावा, नळ सोडावा किंवा पंखा पूर्ण वेगाने लावावा, आणि ऐकणाऱ्याला भांडी घासण्यासारखे एखादे काम करायला सांगावे. मग नाव कळले का, दूरध्वनी क्रमांक लिहून घेता आला का, हे पाहावे. शांत खोलीत खणखणीत वाटलेले नाव या चाचणीत पार्श्वसंगीताखाली बुडालेले मी अनेकदा पाहिले आहे, आणि संगीत थोडे खाली आणून नाव आणखी एकदा उच्चारले एवढ्यानेच ते वर आलेलेही पाहिले आहे. दूरचित्रवाणीची जाहिरात दोनदा दाखवावी: एकदा आवाज बंद करून, एकदा पडद्याकडे पाठ करून. दोन्ही वेळा जाहिरात कोणाची आहे हे कळले पाहिजे, कारण कित्येक घरांत जाहिराती लागल्या की आवाज कमी होतो किंवा माणसे उठून जातात. लोकप्रिय चेहरा घेतला असेल तर जास्त सावध राहावे. तो चेहरा आठवतो, पण तो काय विकत होता ते आठवत नाही, ही तक्रार या व्यवसायात जुनी आहे.

प्रसारण सुरू झाल्यावर, ठरलेल्या वेळी जाहिरात खरोखर लागली का, हे आधी पाहावे. वाहिनीकडून वेळेनिशी नोंद मागवावी आणि काही दिवस स्वतः ध्वनिमुद्रण करून ती पडताळावी. त्यानंतर पोहोच (जाहिरात किती घरांपर्यंत गेली) आणि वारंवारिता (त्या घरांनी ती किती वेळा ऐकली) यांचा विचार करावा. या व्यवसायात ज्याला जीआरपी (ग्रॉस रेटिंग पॉइंट) म्हणतात, तो आकडा म्हणजे पोहोचीची टक्केवारी गुणिले सरासरी वारंवारिता. समजा, १०० घरांपैकी ६० घरांपर्यंत जाहिरात पोहोचली आणि सरासरीने प्रत्येक घराने ती ५ वेळा ऐकली, तर जीआरपी ३०० झाला. आकडा भरघोस दिसतो. पण त्या ६० घरांपैकी ३० घरांनी ती एकदाच, १५ घरांनी ४ वेळा आणि उरलेल्या १५ घरांनी १४ वेळा ऐकली असेल, तरीही सरासरी ५ च येते. निम्म्या घरांच्या कानावरून ती एकदाच गेली आणि काही घरांना ती नकोशी झाली, हे त्या ३०० मध्ये कुठेच दिसत नाही. म्हणून सरासरीवर न थांबता किती जणांनी किती वेळा ऐकली याची विभागणी मागावी. जाहिरातींचे अभ्यासक हर्बर्ट क्रुगमन यांनी १९७२ मध्ये तीन वेळांचे महत्त्व मांडले होते: पहिल्या वेळी "हे काय आहे?", दुसऱ्या वेळी "याचा मला काय उपयोग?" आणि त्यानंतर केवळ स्मरण. त्यांचे म्हणणे माणसाने लक्ष देऊन अनुभवलेल्या तीन वेळांबद्दल होते. त्याचा अर्थ "तीनदा प्रसारित केले की पुरे" असा लावला जातो, तो साफ चुकीचा आहे.

प्रेक्षकसंख्येचे आकडे नमुन्यावरून काढलेले असतात, हेही विसरू नये. नमुना ४०० जणांचा असेल तर २ टक्के प्रेक्षक म्हणजे प्रत्यक्षात ८ माणसे आणि ३ टक्के म्हणजे १२ माणसे. या चार माणसांच्या फरकावर एक कार्यक्रम दुसऱ्याच्या दीडपट लोकप्रिय ठरवून पैसे हलवणे म्हणजे योगायोगाला पुरावा मानणे होय.

आता प्रत्यक्ष मुलाखतीकडे येऊ, कारण सर्वाधिक चुका इथेच होतात. जाहिरात आठवते का, हे विचारताना प्रश्नांचा क्रम बदलला तर उत्तरे बदलतात. आधी काहीही न सुचवता विचारावे: "गेल्या आठवड्यात रेडिओवर आरोग्याविषयी काही ऐकल्याचे आठवते का?" उत्तर आले की "त्यात काय सांगितले होते?" असे विचारून तिथे थांबावे, आणि समोरची व्यक्ती गप्प राहिली तरी निदान दहा सेकंद शब्द पुरवू नयेत. त्यानंतर विषय सांगून विचारावे, आणि सर्वांत शेवटी जाहिरातीतील वर्णन किंवा तुकडा ऐकवून. नाव आधी उच्चारले की पुढची सगळी उत्तरे गढूळ होतात. शिवाय माणसे भिडेखातर "हो, ऐकली आहे" म्हणतात. यासाठी यादीत कधीच प्रसारित न झालेली एक जाहिरात घालावी. समजा, १०० पैकी ३१ जणांनी आपली जाहिरात ऐकल्याचे सांगितले आणि ९ जणांनी ती काल्पनिक जाहिरातही ऐकल्याचे सांगितले, तर ३१ हा आकडा फुगलेला आहे हे कळते आणि तो साधारण किती फुगला आहे याचाही अंदाज येतो.

परिणामाचा खरा प्रश्न तुलनेचा असतो: जाहिरात नसती तर काय झाले असते? समजा, जाहिरात लागलेल्या भागातून चौकशीचे दूरध्वनी आठवड्याला २०० वरून २९० वर गेले. ९० ची ही वाढ जाहिरातीच्या खात्यावर लगेच टाकली जाते. पण जाहिरात न लागलेल्या, इतर बाबतींत सारख्या असलेल्या भागातही ते २०० वरून २६० वर गेले असतील, तर जाहिरातीच्या वाट्याला ३० येतात. उरलेले ६० हंगामाचे, किमतींचे किंवा आणखी कशाचे असू शकतात. टांझानियात १९९३ मध्ये कुटुंबनियोजन आणि एचआयव्ही यांविषयीची रेडिओ मालिका सुरू झाली, तेव्हा डोडोमा येथील प्रक्षेपण केंद्रावरून ती १९९५ पर्यंत मुद्दाम लावली नाही, आणि त्यामुळेच इतर भागांतील बदल कशाशी ताडून पाहायचा हे संशोधकांना ठाऊक होते. बुर्किना फासोमध्ये २०१२ ते २०१५ या काळात सात स्थानिक रेडिओ केंद्रांच्या क्षेत्रांत बालआरोग्याची मोहीम चालवली आणि दुसरी सात क्षेत्रे तुलनेसाठी मोकळी ठेवली. मोहिमेच्या क्षेत्रांत दवाखान्यात मुलांना आणण्याचे प्रमाण वाढलेले दिसले. बालमृत्यू मात्र दोन्हीकडे घटले आणि मोहिमेमुळे अधिक घटले असे दाखवता आले नाही. तुलनेची क्षेत्रे नसती, तर ती सगळी घट मोहिमेचे यश म्हणून जाहीर झाली असती. हा निष्कर्ष प्रामाणिकपणे प्रसिद्ध झाला याबद्दल मला त्या संशोधकांविषयी मनापासून आदर आहे.

ज्यांना असे दोन भाग पाडता येत नाहीत, त्यांनी निदान प्रत्येक केंद्रासाठी वेगळा दूरध्वनी क्रमांक किंवा वेगळा सांकेतिक शब्द द्यावा आणि काही आठवडे जाहिरात मुद्दाम बंद ठेवून पाहावी. बंद केल्यावर दुसऱ्याच दिवशी आकडे कोसळले नाहीत म्हणून जाहिरात निरुपयोगी ठरत नाही, कारण तिचा परिणाम हळूहळू ओसरतो. ओसरायला किती आठवडे लागतात हेही नोंदवले, तर पुढच्या वेळी किती अंतराने जाहिरात पुन्हा लावायची ते ठरवता येते.

परिणाम झाला हे कळल्यावर तो का झाला, हे मात्र आकडे सांगत नाहीत. २१ सप्टेंबर १९४३ रोजी गायिका केट स्मिथ यांनी अमेरिकेतील रेडिओवरून दिवसभर पुन्हा पुन्हा येऊन युद्धरोखे (युद्धखर्चासाठी सरकारने विकलेले कर्जरोखे) घेण्याचे आवाहन केले आणि सुमारे ३.९ कोटी डॉलरची मागणी नोंदवली गेली. समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट मर्टन यांनी त्यानंतर सुमारे १०० श्रोत्यांच्या सविस्तर मुलाखती घेतल्या. आवाहनातील शब्दांइतकाच, ती बाई थकूनही दिवसभर बोलत राहिली याचा श्रोत्यांवर परिणाम झाला होता, असे त्यांतून दिसून आले. केवळ रकमेकडे पाहून हाच मजकूर दुसऱ्या कोणाकडून एकदा वाचून घेतला असता, तर तसे फळ मिळाले असते असे म्हणवत नाही. म्हणून मोठ्या पाहणीनंतर, कृती केलेल्या आणि जाहिरात ऐकूनही न केलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या वीस-पंचवीस माणसांशी निवांत बोलावे, आणि त्यांची उत्तरे त्यांच्याच शब्दांत, न सुधारता, उतरवून घ्यावीत.